कूळ आणि भाडेकरू

काही महिन्यांपूर्वी नातवाच्या वाढदिवसानिमित्त आपल्या शहरातील एका मॉलमध्ये जाणे झाले. दोन वर्षांपूर्वी ज्या दुकानातून त्याला बूट घेतले होते ते दुकान सापडेना. जेथे ते असावे असे वाटत होते तेथे जमिनीपासून छतापर्यंत एक रंगीत फलक उभा होता आणि नवे दुकान लवकरच सुरू होत असल्याची आनंदवार्ता त्यावर लिहिलेली होती. जवळच उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला विचारले, तर तो म्हणाला, "मुझे तो दो ही महीने हुए हैं, बाबूजी." शेजारच्या दुकानातील मुलीने आठवून आठवून सांगितले की तेथे बहुधा चष्म्यांचे दुकान होते. बुटांचे दुकान होते हे सांगणारा त्या संपूर्ण मजल्यावर मी एकटाच होतो. थोड्या वेळाने माझाही विश्वास डळमळू लागला.

प्रसंग क्षुल्लक आहे. दुकाने बंद होतात, नवी उघडतात. बाजार म्हटला की हे आलेच. तरीही घरी परतताना एक प्रश्न मनातून जाईना. एखाद्या जागेत कोणी काही काळ राहून, व्यवहार करून निघून गेला, तर त्याच्यामागे त्या जागेकडे काय उरते? आणि त्या जागेचे त्याच्याकडे काय उरते? भाडे चुकते झाले, किल्ली परत दिली, की देणेघेणे खरोखरच संपते काय? प्रश्न दुकानाच्या निमित्ताने सुचला खरा. पण तो दुकानापाशी थांबणारा नाही. शेकडो मैलांवरून येऊन या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना तर तो अगदी घरातला प्रश्न वाटावा.

इंदूरच्या मॉलांचा इतिहास तसा लहान आहे. एका माणसाच्या उतारवयात तो पूर्ण मावतो. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या मध्यावर महात्मा गांधी मार्गावर, दक्षिण तुकोगंजात, 'ट्रेझर आयलंड' उभा राहिला. मध्य प्रदेशातील अगदी आरंभीच्या मॉलांपैकी तो एक. त्या काळी सरकता जिना पाहण्यासाठी उज्जैन-देवासहून पाहुणे येत आणि पहिल्या पायरीवर पाऊल ठेवताना एकमेकांचा हात धरीत. त्यानंतर बाजाराचा ओढा आग्रा-मुंबई रस्त्याने विजयनगरकडे सरकला. विकास प्राधिकरणाच्या योजना क्रमांक ५४ च्या परिसरात 'सी-ट्वेंटीवन' आणि 'मल्हार मेगा मॉल' शेजारी शेजारी उभे राहिले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये त्याहीपलीकडे, बाह्यवळण रस्त्याजवळ, 'फिनिक्स सिटाडेल' सुरू झाला. भाड्याने देता येण्याजोगी त्याची जागा सुमारे दहा लाख चौरस फूट आहे. म्हणजे वीस वर्षांच्या आत बाजाराने दोन वेळा मुक्काम हलवला. राजवाड्याभोवतालच्या बाजारांना, खजुरी बाजाराला, मारोठियाला, सराफ्याला, आपली जागा सोडण्याची गरज वाटली नव्हती. येथे मात्र नवा मॉल उघडला की जुन्याच्या मजल्यांवर ते रंगीत फलक वाढू लागतात.

हे असे का होते हे समजून घ्यायचे तर मॉलमधील भाडेकराराकडे पाहावे लागते. जुन्या बाजारात दुकानदार पागडी देई आणि पुढे तीन पिढ्या नाममात्र भाड्याने बसून राही. १९६१ च्या भाडेनियंत्रण कायद्याने त्याला उठवणे मालकाला जवळजवळ अशक्य करून ठेवले होते. मॉलमध्ये याच्या नेमके उलट आहे. तेथे करार थोड्या वर्षांचा असतो. आरंभीचा काही काळ दुकानदाराने जागा सोडायची नाही, असा त्याला बांधून ठेवणारा काळ त्यात ठरलेला असतो. भाडे बहुधा दोन प्रकारे मोजतात : एक किमान रक्कम, आणि विक्रीतील ठरावीक टक्के. यांपैकी जे अधिक भरेल ते द्यायचे. म्हणून दुकानात किती विक्री झाली हे मालकाला कळत राहते. ज्याच्या नावावर गर्दी येते अशा मोठ्या दुकानाला 'अँकर' म्हणतात, म्हणजे नांगर. त्याला प्रत्येक फुटामागे भाडे कमी पडते. त्याच्या गर्दीवर जगणाऱ्या लहान दुकानाला अधिक. विक्री घसरली की त्या दुकानाची जागा दुसऱ्या कोणाला देणे श्रेयस्कर, असे हिशेब सांगतो. यात कोणाचा दुष्टावा नाही. यंत्रच असे बसवलेले आहे की प्रत्येक फुटाने आपले भाडे रोज नव्याने कमावले पाहिजे.

या यंत्रातून नांगरही सुटत नाही. 'बिग बाजार' आपल्या सर्वांच्या माहितीचे. देशातील कितीतरी मॉलांचा तो नांगर होता. महासाथीच्या काळात फ्यूचर समूहाची भाडी थकली. कित्येक जागांचे करार जागामालकांनी रिलायन्सशी केले आणि रिलायन्सने त्याच जागा पुन्हा फ्यूचरला वापरायला दिल्या. अशा रीतीने जो कालपर्यंत भाडेकरू होता तो भाडेकरूचा भाडेकरू झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रिलायन्सने त्या जागा ताब्यात घ्यायला आरंभ केला आणि काही काळाने तेथे 'स्मार्ट बाजार' अशी पाटी आली. सिनेमागृहांचेही तसेच. २०१४ मध्ये आयनॉक्सने 'सत्यम' विकत घेतले, २०२३ मध्ये पीव्हीआर आणि आयनॉक्स एक झाले. प्रेक्षक आपल्या त्याच खुर्चीत बसून राहिला; दारावरची पाटी तेवढी तिसरी झाली.

भाडेकरू बदलले तरी मालक तर तोच असेल, असे आपल्याला वाटते. तेही खरे नाही. मे २०२३ मध्ये 'नेक्सस सिलेक्ट ट्रस्ट' शेअर बाजारात नोंदला गेला. मॉलांच्या भाड्याच्या उत्पन्नात सामान्य गुंतवणूकदाराला वाटा देणारा असा हा देशातील पहिला न्यास. त्याच्या मालमत्तेत आपल्या शहरातील 'इंदूर सेंट्रल' आहे आणि 'ट्रेझर आयलंड'मधील अर्धा हिस्साही आहे. त्याचे युनिट आज कोणीही घेतो आणि उद्या विकून टाकतो. तुमच्या-माझ्या मुलाने बचतीतून काही घेतली असतील, तर तोही त्या इमारतीचा कणभर मालक. फिनिक्स सिटाडेल ज्या कंपनीच्या मालकीचा आहे तिच्यात कॅनडातील निवृत्तिवेतन निधीचा ४९ टक्के वाटा होता. तो टप्प्याटप्प्याने विकत घेण्याचा निर्णय फिनिक्सने २०२५ मध्ये जाहीर केला. टोरांटोतील एखाद्या निवृत्त शिक्षिकेच्या वेतनात इंदूरच्या बाह्यवळण रस्त्यावरील गर्दीचा अंश मिसळलेला असू शकेल, हे ऐकायला गमतीचे वाटते. पण त्याचा अर्थ असा की दुकानदार बदलतो, नोकर बदलतो, पहारेकरी बदलतो, आणि मालकही बदलत राहतो. मग ज्याला आपण 'तो मॉल' म्हणतो तो नक्की कोण?

हा प्रश्न नवा नाही. मिलिंदप्रश्नात नागसेन भिक्खू राजाला विचारतात, महाराज, आपण रथातून आलात. मग रथ म्हणजे चाक काय? आस काय? जू काय? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की या सर्वांच्या मेळाला व्यवहारापुरते 'रथ' हे नाव दिलेले आहे. हा दृष्टांत पुष्कळांना ठाऊक असतो, आणि त्यावरून पुष्कळजण सोयीचा निष्कर्ष काढतात : जर टिकून राहणारा कोणीच नसेल, तर देणे तरी कोणाचे आणि घेणे तरी कोणाचे? परंतु त्याच ग्रंथात नागसेनांनी या पळवाटेचाही बंदोबस्त केलेला आहे. एकाने दुसऱ्याच्या झाडाचे आंबे चोरले. पकडला गेल्यावर तो म्हणाला, या गृहस्थाने जो आंबा लावला तो वेगळा. मी नेले ते आंबे वेगळे. म्हणून मी दोषी नाही. नागसेन विचारतात, महाराज, तो दोषी ठरेल की नाही? राजा म्हणतो, ठरेल; कारण नेलेले आंबे लावलेल्या आंब्यापासूनच आले.

माझ्या मते सगळा मुद्दा या आंब्यात आहे. वस्तू तीच राहिली नाही म्हणून जबाबदारी संपत नाही. एकातून दुसरे निघाले असेल, तर पहिल्याचे देणे दुसऱ्याकडे वाहत येते. नाव बदलले, पाटी बदलली, मालकीचे कागद बदलले, तरी हा ओघ तुटत नाही. भाडेकरार मात्र आपल्याला शिकवतो की तो तुटतो, अमुक तारखेला सायंकाळी.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. आमच्या वयाच्या माणसाला मॉलची निंदा करून जुन्या बाजाराचे गोडवे गाणे फार सोपे जाते. ते गोडवे पुरते खरे नाहीत. जुन्या बाजारात दुकानदार आपल्याला नावाने ओळखत असे हे खरे. पण तो जातही ओळखत असे, आणि काहींना ओट्यावर बसायला सांगे, काहींना ओट्याखाली उभे ठेवी. तेथे बाईमाणसाला दोन तास निवांत बसायला जागा नव्हती, स्वच्छतागृह तर नव्हतेच. परदेशीपुऱ्यातील एखादी मुलगी आज मैत्रिणींबरोबर मॉलच्या बाकावर बसून हसते, कोणी तिला कोणाची कोण म्हणून विचारत नाही. हे स्वातंत्र्य तिला त्या अनोळखीपणानेच दिले आहे. काच आणि किमतीची चिठ्ठी सर्वांना सारखी असते. ज्या विस्मरणाची मी तक्रार करतो आहे त्यातच कित्येकांची सुटका आहे, हे मान्य केलेच पाहिजे. खिशात पैसे नसलेल्याला मात्र तेथे ही सुटकाही फार वेळ परवडत नाही.

मॉलची मूळ कल्पनाही वाईट हेतूने जन्मलेली नव्हती. व्हिक्टर ग्रूएन हा व्हिएन्नाचा वास्तुकार नाझींच्या भयाने अमेरिकेत गेला आणि १९५६ मध्ये मिनेसोटातील ईडायना येथे त्याने 'साउथडेल' हा छताखालचा पहिला मॉल बांधला. मोटारींमुळे विखुरलेल्या उपनगराला आपल्या व्हिएन्नासारखा एक चौक मिळावा, भोवती घरे, शाळा, दवाखाने असावेत, अशी त्याची मूळ योजना होती. प्रत्यक्षात भोवती मोटारींचे तळ तेवढे राहिले, आणि आयुष्याच्या अखेरीस त्याने आपल्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या या अपत्याचे पितृत्व नाकारले. एका निर्वासिताने परमुलखात चौक शोधला आणि त्याच्या हाती दुकान आले, असे त्याच्या आयुष्याचे सार सांगता येईल.

दुकानातूनही चौक कसा होतो हे पाहायला आपल्याला व्हिएन्नाला जायला नको. सराफ्यात जावे. दिवसा ज्या फळीसमोर सोने तोलले जाते, तिच्याच पुढ्यात रात्री भुट्ट्याच्या किसाची कढई चढते. एकाच जागेचे दोन कब्जेदार, एक सूर्याचा आणि एक चंद्राचा. रात्रीच्या वर्दळीमुळे बंद पेढ्यांची राखण होते, म्हणून सराफांनी या मंडळींना ओटे वापरू दिले, असे जुने लोक सांगत. अलीकडे गॅसच्या टाक्या, गर्दी आणि नवनव्या पदार्थांच्या गाड्या यांवरून दोघांत वाद झाले, आणि ते अनाठायी नाहीत. पण वादातसुद्धा दोघे एकमेकांना ओळखतात, एकमेकांवर हक्क सांगतात. बुटांच्या आणि चष्म्यांच्या दुकानांत वाद होणेही शक्य नव्हते. कारण एक आला तेव्हा दुसरा गेलेला होता.

या ठिकाणी आपल्या भाषेतील एका शब्दाकडे वळतो. आज आपण 'भाडेकरू' म्हणतो. त्याआधीचा शब्द 'कूळ' असा आहे. दुसऱ्याची जमीन कसणारा तो कूळ. कूळकायदा आपण ऐकलेला आहे. सावकाराचा ऋणको तोही कूळ. आणि ज्यात आपला जन्म होतो तेही कूळच. त्यावरूनच कुलदैवत, कुलाचार. घराणे, कसणारा आणि देणेकरी या तिघांना एकच शब्द का पुरला, याची व्युत्पत्ती भाषापंडितांनी सांगावी. मला त्यात एका जुन्या समजुतीची खूण दिसते. जमिनीचा हिशेब माणसामाणसाचा नसे, घराघराचा असे. आणि ज्याच्याशी देणेघेणे चालू आहे त्याला गणतीत धरल्याशिवाय घराण्याचाही हिशेब पुरा होत नसे. ही समजूत नेहमी पाळली जाई असे मी म्हणत नाही. कुळांवर जुलूम झाले म्हणूनच तर कायदे करावे लागले. तरी जुलूम करणाऱ्याच्या तोंडातही शब्द तो होता, आणि शब्द साक्ष देतात.

मालकीचेही तसेच. ज्यांच्या नावाने मल्हार मॉल ओळखला जातो त्या मल्हाररावांना माळव्यातील मुलूख पेशव्यांकडून सरंजामात मिळाला. सरंजाम म्हणजे उत्पन्न भोगायचे आणि त्याबदल्यात फौज बाळगून चाकरी करायची. चाकरी सुटली तर सरंजामही जाऊ शके. त्यांच्या सून अहिल्याबाई यांनी राज्य शंकराचे आणि आपण त्याच्या आज्ञेने ते सांभाळणाऱ्या, अशा भावनेने कारभार केला. ज्यांना आपण या भूमीचे धनी मानतो ते स्वतःला धनी म्हणवीत नव्हते. शतपथ ब्राह्मणात माणूस जन्मतःच चार ऋणे घेऊन येतो असे म्हटले आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही आपण जाणतो. चौथे मनुष्यऋण आहे, आणि ते आल्यागेल्याला आसरा व अन्न देऊन फेडायचे असते. सोयीची तीन ऋणे पाठ करून चौथे आपण विसरलो असे कधी कधी वाटते.

हे सारे सांगण्याचा अधिकार मला आहे का, हा प्रश्न येतोच. म्हणून आमच्याच घरची एक गोष्ट सांगतो.

रामबागेतल्या आमच्या वाड्याच्या रस्त्याकडील ओट्यावर एक शिंपी बसत असत. माझ्या आजोबांनी त्यांना जागा दिली. वडिलांच्या काळात ते भाडे नियमाने देत, माझ्या काळातही देत. भाडे इतके थोडे होते की ते घेताना आम्हांलाच अवघड होई. आमच्या घरातील तीन पिढ्यांचे मुंजीचे, शाळेचे आणि लग्नाचे कपडे त्यांच्या यंत्राखालून गेले. पुढे भावंडांच्या वाटण्या झाल्या आणि वाडा बांधकाम करणाऱ्या एका व्यावसायिकाला द्यायचे ठरले. शिंप्यांना उठवणे आवश्यक झाले. वकिलाने रक्कम काढली, आम्ही ती थोडी वाढवून दिली, त्यांनी कागदावर सही केली. सारे कायदेशीर आणि सभ्यपणे झाले. आपण उदारपणे वागलो असे आम्हां सर्वांना वाटले.

जाण्याच्या दिवशी ते एक बोचके घेऊन माजघरापर्यंत आले. त्यात शिवून तयार असलेले पण गिऱ्हाइकांनी न नेलेले कपडे होते : दोन-तीन पोलकी, एक शाळेचा सदरा, एक विजार. प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी टाचलेली होती. ते म्हणाले, "लोक इकडेच शोधत येतील. येतील त्यांना द्या. मजुरी मागू नका." त्यांचा करार संपलेला होता, जागा गेलेली होती, परंतु त्या जागेवर विसंबून ज्यांनी कापड टाकले होते त्यांचे देणे, त्यांच्या दृष्टीने, कराराबरोबर संपलेले नव्हते. ते त्यांनी आमच्या स्वाधीन केले, कारण जागा आमची होती.

ते बोचके काही महिने आम्ही जपले. एक बाई येऊन पोलके घेऊन गेल्या. मग आमचेच सामान हलले, आणि बोचके कोठे गेले ते आज कोणालाही सांगता येत नाही. त्या ओट्याच्या जागी आता काचेच्या दाराची दुकाने आहेत आणि त्यांचेही भाडेकरू बदलत असतात. मॉलमधील पहारेकऱ्याने मला जे उत्तर दिले तेच मी त्या पोलक्याच्या मालकिणीला दिले असते.

हाच हिशेब शहराच्या पातळीवर मांडून पाहावा. फिनिक्स हे नाव मूळ एका कापडगिरणीचे. मुंबईच्या लोअर परळ भागात १९०५ मध्ये ती सुरू झाली. गिरण्यांचा काळ सरल्यावर तिच्या आवारात दुकाने आणि मॉल आले, आणि त्या धंद्यातून वाढत वाढत ते नाव इंदूरला पोहोचले. ते आले तेही एका गिरणगावातच. माळवा मिल, राजकुमार मिल, कल्याणमल मिल, स्वदेशी मिल, हुकुमचंद मिल यांच्या भोंग्यावर हे शहर एके काळी उठत आणि निजत असे. हुकुमचंद मिल गेल्या शतकातील नव्वदीच्या आरंभी बंद पडली. तिच्या कामगारांच्या थकबाकीचा लढा तीन दशकांहून अधिक चालला. २५ डिसेंबर २०२३ रोजी, सुमारे ४,८०० कामगारांच्या देण्यापोटी, सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश देण्यात आला. तोवर त्यांपैकी कित्येक हयात नव्हते. त्यांच्या विधवा आणि मुले रांगेत उभी होती.

या घटनेकडे विलंबाची शोकांतिका म्हणून पाहता येते आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात नागसेनांचा आंबाही आहे. गिरणी राहिली नव्हती, मालक राहिले नव्हते, यंत्रे भंगारात गेली होती. ज्याच्याकडे बोट दाखवावे असा कोणी उरला नव्हता. उरली होती ती जमीन. तिच्यावर त्या माणसांचे देणे आहे, हे ते सारे लोक वर्षानुवर्षे सभा घेऊन सांगत राहिले, आणि अखेर त्या जमिनीतूनच ते निघाले. जागा विसरत नाही असे म्हणणे काव्य होईल. जागा विसरतेच, तिला आठवण करून देणारी माणसे लागतात, आणि त्यांनी हटवादीपणे लागून राहावे लागते.

आता आपल्याकडे येऊ. आपले पूर्वज होळकरांच्या दौलतीबरोबर, आणि १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर इंदूर राजधानी झाल्यावर तिच्या दप्तरांबरोबर, येथे आले. फडावर, कचेरीत, शाळेत, दरबारात त्यांना काम मिळाले. मॉलच्या भाषेत बोलायचे तर दरबार हा आपला नांगर होता. १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला, आणि नांगर सुटला. तेव्हापासून आपण येथे कोण आहोत, हा प्रश्न आपण दबक्या आवाजात विचारत आलो. कधी आपण स्वतःला धनी समजतो आणि शहर बदलले म्हणून रुसतो. कधी भाडेकरू समजतो, आणि मुले पुण्याला किंवा परदेशी गेली की वाडा विकून किल्ली परत करतो. दोन्ही भूमिका सोप्या आहेत. दोन्हींत हिशेब मिटतो. माळव्याच्या मातीने, येथल्या माळवी बोलणाऱ्या शेजाऱ्यांनी, ओट्यावरच्या शिंप्यांनी, भोंग्याबरोबर उठणाऱ्या वस्त्यांनी आपल्याला जे दिले ते 'कूळ' या शब्दाच्या तिन्ही अर्थांनी आपल्या खात्यावर आहे. येथे आपण तिसरे काहीतरी आहोत : कूळ आहोत.

पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१८ मध्ये इंदूर दरबारला आपला अहवाल दिला. उपचाराआधी निदान करावे, कोठे कोण राहतो, कसा जगतो हे चालून पाहावे आणि मगच एखादी भिंत पाडावी, असा त्याचा आग्रह असे. शहराच्या बाबतीत आपल्या हाती फारसे काही नाही. आपल्या वाड्यांच्या बाबतीत मात्र तेवढे पाहणे अजून करता येण्याजोगे आहे. आपल्यातील बहुतेक घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत. मूळ पुरुषापासून सातासमुद्रापार गेलेल्या नातवंडांपर्यंत प्रत्येकाची नोंद त्यांत सापडते. ज्यांनी आपल्या ओट्यावर, परसात, माळ्यावर चाळीस चाळीस वर्षे काढली, त्या कुळांचे एक पानही मला त्यांत आढळलेले नाही. पुढील आवृत्तीत ते पान असावे, एवढी साधी सूचना मी आमच्या कुलमंडळापुढे ठेवली आहे.

सूचना मान्य झाली आणि आरंभ माझ्यापासूनच करावा असे ठरले. मी शिंप्यांची नोंद लिहायला बसलो. व्यवसाय लिहिला, ओट्याची लांबी-रुंदी लिहिली, आजोबांनी जागा दिली ते साल अदमासाने लिहिले. नावाच्या रकान्यापाशी थांबावे लागले. आमच्या घरात सर्वजण त्यांना 'मास्तर' म्हणत. पुण्याच्या चुलतभावाला विचारले, बडोद्याच्या आत्येबहिणीला विचारले, अमेरिकेतील पुतण्याला विचारले. मास्तर सर्वांना आठवतात. त्यांच्या हातातील गज, कानामागचा खडू, सारे आठवते. भाड्याच्या जुन्या पावत्यांची पुस्तके वाडा देताना रद्दीत गेली. तो रकाना अद्याप कोरा आहे, आणि तो तसाच छापावा की नाही याचा निर्णय मंडळाने माझ्यावर सोपवला आहे. मी तो कोराच ठेवणार आहे, खाली रेघ मारून. म्हणजे कोणी नातू कधी विचारील, येथे कोणाचे नाव असायला हवे होते.